विमान आलंच नाही!

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. रविवारची सकाळ, आणि राहात्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर चौदा माणसं जमलेली. आजीला खुर्चीसकट वर आणलं होतं. शेजारच्या काकू पोह्यांचं पातेलं घेऊन आल्या होत्या. आप्पा, म्हणजे माझे मोठे चुलते, मळ्यातून खास त्यासाठी आले होते आणि गळ्यात दुर्बीण अडकवून (ती कुठून पैदा केली देव जाणे) कठड्याला टेकून उभे होते. सगळ्यांची तोंडं उत्तरेला, शिर्डी-कोपरगावच्या दिशेला. कारण सव्वानऊच्या सुमारास आमचा दादा, आप्पांचा मुलगा, धुळ्याहून स्वतः विमान चालवत येणार होता. उतरणार नव्हता. राहात्याच्या वरून एक वळसा घेऊन परत धुळ्याला जाणार होता. पण आमच्या गल्लीला तेवढं पुरेसं होतं.

तसं पाहिलं तर विमानाचं आम्हाला अप्रूप राहिलेलं नाही. १ ऑक्टोबर २०१७ ला काकडीचा विमानतळ सुरू झाला तेव्हापासून मोठी विमानं नेहमीचीच झाली आहेत. पण ती साईबाबांच्या भक्तांची. हे आमच्या घरातलं विमान होतं.

साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. पोहे संपले. आजी दर पाच मिनिटांनी विचारायची, "आलं का रं इमान?" दहा वाजून गेल्यावर फोन आला. दादा म्हणाला, "परत फिरलो. धुळ्याला उतरलो. चहा पितोय."

बस्स. एवढंच.

आप्पांनी आधी आकाशाकडे बघितलं, मग फोनकडे. "परत फिरला? अर्ध्या वाटेतून? एवढे पैसे भरून?" वर आकाश चांगलं निळं होतं, एक ढग नव्हता. त्यामुळे दादाची काही बाजू असू शकते असं कुणालाच वाटलं नाही. त्या दिवसापासून त्याचं नाव 'रिटर्न तिकीट' पडलं. खोटं कशाला सांगू, ते नाव मीच ठेवलं. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, थर्मोडायनॅमिक्स आणि फ्लुइड मेकॅनिक्स दोन्ही पास झालोय, आणि तरी मला त्या दिवशी एकही प्रश्न पडला नाही.

हा लेख त्या न पडलेल्या प्रश्नांबद्दल आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: हौशी वैमानिकाची खरी हुशारी हँडल ओढण्यात नसते, परत फिरण्यात असते. आणि परत कधी फिरायचं हे धाडसाने नाही, साध्या गणिताने ठरतं. ते गणित आपल्याला येतं, फक्त आपण ते पेपरापुरतं ठेवतो.

आधी दादाविषयी थोडं. तो पुण्याकडे एका कंपनीत नोकरी करतो. एअरलाइनमध्ये जायचं त्याच्या मनात नाही. शनिवार-रविवार धुळ्याला जाऊन, तीन वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकून त्याने खासगी वैमानिकाचं लायसन काढलं. त्यासाठी किमान ४० तास उड्डाण लागतं, वयाची १७ वर्षं पूर्ण लागतात, डॉक्टरी तपासणी होते, हवामान, नेव्हिगेशन आणि नियमांचे पेपर द्यावे लागतात, रेडिओवर बोलण्याचं लायसन वेगळं. आणि एवढं करून त्या लायसनवर भाडं घेऊन एक माणूससुद्धा नेता येत नाही. आप्पांना हे अजून पटलेलं नाही. "ज्यातून पैसा सुटत नाही ते शिकायचं कशाला?" यावर दादाचं उत्तर ठरलेलं असतं, "तुम्ही भजन कशाला करता?"

तर त्या दिवशी झालं काय होतं? ते मला संक्रांतीला दादा घरी आला तेव्हा कळलं. तेही मी विचारलं म्हणून नाही. तो वहीत काहीतरी लिहीत होता आणि मी डोकावलो म्हणून.

धुळे ते राहाता सरळ रेषेत साधारण १३० किलोमीटर. सेसना १५२ म्हणजे दोन सीटचं, ११० हॉर्सपॉवरचं विमान. त्याला पाऊण तास लागतो. सुरुवातीचा अर्धा तास झकास गेला. मनमाडजवळ हडबीची शेंडी डाव्या-उजव्या कुठल्या बाजूला यायला हवी ते त्याने नकाशावर आधीच लिहून ठेवलं होतं, ती तिथेच आली. मग अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले आले. आणि त्यांच्या पुढे दक्षिणेला काही नव्हतंच. म्हणजे जमीन होती, खाली बघितलं तर शेतं दिसत होती, पण समोर क्षितिज नव्हतं. जमीन कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होतं तिथे नुसता दुधाळ तपकिरी पडदा.

इथेच आमची गच्चीवरची मंडळी चुकली. डिसेंबरात रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड होते, आणि वर तुलनेने उबदार हवेचं झाकण बसतं. त्या झाकणाखाली सगळं साठतं: दव, धूळ, गुऱ्हाळांचा आणि कारखान्यांचा धूर, रात्री कुणी पाचट पेटवलं असेल तर त्याचा धूर. समजा हा थर ६०० मीटर जाडीचा आहे. गच्चीवरून सरळ वर बघणाऱ्या आप्पांची नजर ६०० मीटर धुरकं ओलांडते आणि पुढे स्वच्छ निळं. पण विमानातून पाच किलोमीटर पुढचं गाव शोधणाऱ्या दादाची नजर तिरकी जाते आणि जवळजवळ पाच किलोमीटर धुरक्यातून जाते. म्हणजे आठपट. शिवाय डिसेंबरात सकाळी नऊला सूर्य आग्नेयेला, खाली, म्हणजे दक्षिणेला येणाऱ्याच्या बरोबर डोळ्यात. त्याच धुरक्यात तो प्रकाश विखुरतो आणि पडदा आणखी पांढरा होतो. दादा म्हणाला, वळून उत्तरेला तोंड केलं तर त्याच हवेत दुप्पट लांबचं दिसायला लागलं. आकाश एकच. आम्हाला निळं, त्याला पांढरं. दोघंही खरं बोलत होते.

बघून उडणाऱ्या वैमानिकाला नियमाने पाच किलोमीटर तरी दिसलं पाहिजे. हा आकडा कुणी कारकुनाने ठोकलेला नाही. क्षितिज गेलं की माणसाचा कान त्याला फसवतो. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांना हळू होणारं वळण कळतच नाही. विमान एका पंखावर कलत जातं आणि चालवणाऱ्याला वाटतं आपण सरळ चाललोय. मोठ्या विमानातल्या पायलटला उपकरणांवर उडायचं रीतसर शिक्षण असतं, शेजारी दुसरा पायलट असतो, जमिनीवरून मदत असते. हौशी माणूस एकटा. आणि हेही लक्षात घ्या की नोव्हेंबर २०१९ मध्ये खुद्द काकडीला दृश्यमानता पुरेशी नाही म्हणून मोठी विमानं जवळजवळ महिनाभर येऊ शकली नव्हती. तेव्हाही गावात "काय हा विमानतळ!" म्हणून हसणारे भरपूर होते. जी हवा दोनशे माणसांच्या विमानाला परत पाठवते तिच्यात आमचा दादा ११० हॉर्सपॉवर घेऊन शिरला नाही, तर तो 'रिटर्न तिकीट'!

त्याच्या वहीत त्या दिवसाच्या पानावर आदल्या रात्रीच्या तारखेने तीन ओळी लिहिलेल्या होत्या. 'अंकाईपासून कोपरगावचा गोदावरीचा पट्टा अंदाजाने तरी दिसला नाही तर परत. ९:०५ पर्यंत अंकाई आली नाही तर परत. घरचे वाट बघतायत हे कारण धरायचं नाही.' तिसरी ओळ वाचून मला जरा लाजल्यासारखं झालं.

आदल्या रात्री का? कारण विमानात बसल्यावर माणूस वकील होतो. 'आता एवढं आलोच आहोत तर...' हे वाक्य तुम्ही सबमिशनच्या आदल्या रात्री म्हटलं असेल, घाटात ओव्हरटेक करताना म्हटलं असेल. भाडं तासावर लागलेलं असतं, गच्चीवर माणसं उभी असतात, आणि पुढचं गाव फक्त पंधरा मिनिटांवर असतं. त्यामुळे मर्यादा जमिनीवर, पोट भरलेलं असताना, चहा पिताना ठरवायची आणि वर ती फक्त वाचायची. आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी डिझाइन करताना घेतो, शाफ्ट तुटायला लागल्यावर नाही. तसंच.

वळल्यावर त्याने पहिलं काम काय केलं? रेडिओवर कळवलं. अशा लांब उड्डाणासाठी फ्लाइट प्लॅन द्यावा लागतो, हवाई संरक्षणाचा परवानगी क्रमांक घ्यावा लागतो. न सांगता परत फिरलात तर तिकडे लोक तुमची वाट बघत बसतात आणि मग शोधाशोध. आमच्या गच्चीला रेडिओ नव्हता, हाच काय तो दोष.

आता उन्हाळ्याचं गणित. हे मात्र मी स्वतः केलंय, म्हणून जरा कौतुकाने सांगतो. काकडीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फूट. प्रमाणित वातावरणात तिथे तापमान असायला हवं ११ अंश. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी असतं ४१. फरक ३० अंश. ढोबळ नियम असा की प्रत्येक अंशाला हवेची 'घनता-उंची' १२० फुटांनी वाढते. ३० गुणिले १२० म्हणजे ३६००. त्यात १९०० मिळवा. साडेपाच हजार फूट! आपल्याच जिल्ह्यातलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. थोडक्यात, मे महिन्यात दुपारी दोन वाजता राहात्यात उभं असलेलं विमान, त्याच्या इंजिनाच्या आणि पंखांच्या हिशोबाने, कळसूबाईच्या शिखरावर उभं असतं. तेच सकाळी सहाला, २४ अंशाला, साडेतीन हजारांवर येतं.

परिणाम काय? टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे ११० चे उरले नव्वद-ब्याण्णव. पंखाला तेवढंच वजन उचलायला जास्त वेग लागतो. उडण्याआधीची धाव जवळजवळ दीडपट होते. लांबलचक धावपट्टीवर ते एक वेळ चालून जाईल. खरी मेख उडाल्यानंतर आहे. समुद्रसपाटीला हे विमान मिनिटाला ७१५ फूट चढतं; साडेपाच हजारांवर साडेचारशेच्या आसपास. समोर विजेची लाइन, टेकडी, नाहीतर निलगिरीची रांग असेल तर ती अडीचशे फुटांची तूट तिथे कळते. आणि गंमत म्हणजे स्पीडोमीटर तोच वेग दाखवतो, सगळं नेहमीसारखं वाटतं, फक्त झाडं जास्त जवळून जातात. म्हणून उन्हाळ्यात हौशी मंडळी पहाटे उडतात आणि दहाच्या आत विमान बांधून ठेवतात. दुपारी उठणाऱ्या वावटळी तर आपण सगळ्यांनी शेतात पाहिल्या आहेत. (ग्लायडरवाल्यांचं मात्र उलटं. त्यांना तीच वर चढणारी गरम हवा हवी असते आणि घार कुठे घिरट्या घालतेय हे ते बघत असतात. त्यांच्यावर वेगळा लेख होईल.)

लायसन मिळाल्यापासून आप्पांचा एक हट्ट आहे: "मला एकदा फिरव." आप्पांचं वजन ९८ किलो. दादाचं ७२. सेसना १५२ चं जास्तीत जास्त वजन ७५७ किलो, रिकामं विमान साधारण ५२०. आप्पा कुठेही रिकाम्या हाताने जात नाहीत, तेव्हा राहात्याच्या पेरूंची २० किलोची पेटी धरा. बेरीज ७१०. उरले ४७ किलो, म्हणजे पेट्रोल फक्त ६५ लिटर. ताशी २३ लिटर धरलं तर पावणेतीन तास, त्यातून राखीव काढलं तर दोन. टाकी पूर्ण भरली तर पेरू खाली, पेरू घेतले तर टाकी अर्धी-पाऊण. शिवाय पेटी मागे ठेवली की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि नाक वर उठायला बघतं. पहिल्या वर्षाला तुळईवरचे मोमेंट काढताना "याचा उपयोग काय?" विचारणाऱ्या सर्व बंधू-भगिनींना हे उदाहरण अर्पण.

पेट्रोलवरून आठवलं, आणि हा मुद्दा आपल्या भागाचा म्हणून जरा थांबून सांगतो. सेसनासारख्या विमानांना अ‍ॅव्हगॅस लागतं, निळसर रंगाचं. ते आपण वर्षानुवर्षं आयात करत होतो. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने गुजरातच्या रिफायनरीत तयार करायला सुरुवात केली. ते सगळीकडे मिळत नाही. म्हणून मायक्रोलाइटवाले रोटॅक्ससारखी साध्या पेट्रोलवर चालणारी इंजिनं पसंत करतात. पण साधं पेट्रोल आता साधं राहिलंय कुठे? २०२५ मध्ये देशात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं. रोटॅक्स ९१२ च्या कंपनीची परवानगी १० टक्क्यांपर्यंतची. सेसनाच्या इंजिनाला तर इथेनॉल चालतच नाही.

आता हे इथेनॉल येतं कुठून? उसातून. विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५० साली प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याला आपण अभिमानाने आशिया खंडातला पहिला म्हणतो. त्या उसाने आमची घरं उभी राहिली, माझी फीसुद्धा उसाचीच. इथेनॉलमुळे कारखान्याच्या हातात पैसा येतो आणि आप्पांचं बिल वेळेवर निघतं, तेव्हा त्याच्याविरुद्ध बोलायची माझी छाती नाही. पण आप्पांच्या मळ्यातला ऊस दादाच्या टाकीत जाता कामा नये हेही तितकंच खरं. कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जमिनीवर उबेत ते पाणी विरघळलेलं असतं, दिसत नाही. वर थंडीत गेलं की मिश्रण फुटतं आणि पाणी-इथेनॉल जड म्हणून टाकीच्या तळाशी बसतं, जिथून इंजिन पितं. शिवाय रबरी नळ्या, सील, काही फायबरच्या टाक्या त्याने फुगतात. मोटारसायकल बंद पडली तर ढकलता येते.

पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे हे तपासायची युक्ती अगदी आपल्या केमिस्ट्री लॅबची आहे. मोजपात्रात १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल, झाकण लावून हलवा, थांबा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं. खालचा थर दहाचा दहाच राहिला तर पेट्रोल शुद्ध. अठ्ठावीसच्या आसपास गेला तर वीस टक्केवालं. (उघड्यावर, सरांच्या परवानगीने, आणि आसपास कुणी सिगारेटवाला नसताना.)

आणि पाणी अ‍ॅव्हगॅसमध्येही येतंच. टाकी अर्धी रिकामी ठेवून रात्र गेली की आत दव धरतं. म्हणून रोज पहिल्या उड्डाणाआधी टाकीच्या तळातून छोट्या पेल्यात नमुना काढून बघायचा. खाली रंगहीन मणी दिसला तर पाणी. पण अख्खा पेलाच पाण्याने भरला असेल तर मणी दिसणारच नाही! म्हणून रंगही बघायचा आणि वासही घ्यायचा. वेग मोजणारी बाहेरची बारीक नळी असते, तिच्यात कुंभारीण माशी मातीचं घर करते. एक दिवस झाकण घालायला विसरलात तर दुसऱ्या दिवशी वेग शून्य. दादा विमानाभोवती फेरी मारतो तेव्हा वीस मिनिटं जातात, आणि बघणाऱ्याला वाटतं हा विकत घ्यायला आलाय की काय.

एवढं करूनही इंजिन बंद पडलं तर? २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत बारामतीहून उडालेलं सेसना १५२ एका शेतात उतरलं होतं. प्रशिक्षणार्थी मुलगी एकटीच होती, किरकोळ जखमांवर वाचली. हे ऐकल्यापासून मी दादासोबत गाडीतून जाताना एक खेळ खेळतो. तो अचानक विचारतो, "इंजिन बंद. कुठे?" आणि मला खिडकीतून बघून शेत दाखवायचं असतं.

या खेळात शेतकऱ्याच्या पोराला वीस मार्क आधीच मिळतात. वरून हिरवंगार मऊ दिसतं तो ऊस असतो, आठ-दहा फूट उंच. त्यात उतरणं म्हणजे भिंतीवर उतरणं. पेरूची बाग तर नकोच. पावसाळ्यानंतरची काळी माती वरून सपाट, पण पुढचं चाक रुतलं की विमान कोलांटी खातं. ऊस तुटलेला मोकळा प्लॉट चांगला वाटतो, पण सऱ्या कुठल्या दिशेला आहेत ते बघा, सरीच्या दिशेने उतरायचं, आडवं नाही. गहू काढलेलं रान सगळ्यात उत्तम. कालव्याच्या कडेचा रस्ता मोहात पाडतो, पण कालव्याकडेला मोटारी आणि मोटारींना तारा. तारा वरून दिसतच नाहीत. खांब शोधायचे आणि मधली तार गृहीत धरायची. वारा कुठला ते धुरावरून कळतं, आणि तळ्यावरून, ज्या काठाला पाणी गुळगुळीत तिकडून वारा. आपल्याकडे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोर धरतो. या विमानासाठी आडव्या वाऱ्याचा सिद्ध केलेला आकडा फक्त १२ नॉट आहे. हे सगळं कुठल्याही सिलॅबसमध्ये नाही आणि तरी आपल्यातल्या निम्म्या मुलांना अर्धं येतं.

म्हणूनच मला आपल्या कॉलेजच्या एरो क्लबबद्दल थोडं बोलायचं आहे. रागावू नका, मीही त्याचाच सभासद आहे. आपण थर्मोकोलची विमानं बनवतो, स्पॉन्सर शोधतो, फेस्टमध्ये उडवतो, पडलं की व्हिडिओ काढतो आणि हसतो. का पडलं हे कुणी लिहून ठेवत नाही. गेल्या वर्षी दुपारी एकला, एप्रिलमध्ये, पाहुणे आलेत म्हणून आपण विमान सोडलं. वारा होता, ऊन होतं, बॅटरी गरम होती. तीन जणांना माहीत होतं की हे पडणार. एकही बोलला नाही, त्यात मी होतो. मॉडेल होतं म्हणून निभावलं. सवय मात्र तीच लागली.

कॅप्टन अमोल यादवांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, ते २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ठेवलं गेलं, नोंदणी २०१७ ला मिळाली आणि धुळ्याला ते उडालं २०२० मध्ये. आपण गच्चीची गोष्ट सांगतो, मधली वर्षं गाळतो. मला त्या वर्षांचं कुतूहल आहे. तयार विमान समोर उभं असताना 'आज नाही' असं किती वेळा म्हणावं लागलं असेल!

आणि एक जुनी गोष्ट. १९२९ साली आगाखानांनी इंग्लंड ते भारत एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला बक्षीस लावलं होतं. जेआरडी टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर तिकडून इकडे येत होते. इजिप्तमध्ये अबुकीरला अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडलेले. जेआरडींनी आपल्याकडचा प्लग देऊन टाकला. अस्पी काही तासांनी जिंकले आणि पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले. आपल्या हॉस्टेलवर जर्नल कॉपी करायला देताना माणूस आधी रोल नंबर विचारतो.

माझी मागणी छोटी आहे. लायब्ररीबाहेरच्या फळ्यावर रोज सकाळी आठ आणि दुपारी दोनला तापमान, हवेचा दाब आणि त्यावरून काढलेली घनता-उंची लिहायची. दुसऱ्या वर्षाची मुलं पाळीपाळीने करतील. थर्मामीटर लॅबमध्ये आहे, बॅरोमीटर फिजिक्सच्या कपाटात आहे, धूळ पुसली की चालेल. आणि एरो क्लबने एक वही ठेवायची, तिच्यात उडवलेल्या विमानांसोबत न उडवलेल्या दिवसांचीही नोंद, कारणासकट. ज्याने 'आज नको' म्हटलं त्याचं नाव त्यात यावं. मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये हे मांडलं तेव्हा एकाने विचारलं, "याला सर्टिफिकेट मिळेल का?" वही मी विकत आणून ठेवली आहे, पहिलं पान अजून कोरं आहे.

दादा फेब्रुवारीत पुन्हा निघाला. या वेळी त्याने कुणालाही सांगितलं नाही, मलासुद्धा नाही. आदल्या दिवशी जोराचा वारा होता, धुरकं सगळं धुऊन गेलेलं. सकाळी पावणेआठला मी झोपलेलो, आप्पा मळ्यात, गच्चीवर एकटी आजी कुरडया वाळत घालत होती. संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "सकाळी एक इमान गेलं. बारकंच होतं. पंख हालवीत गेलं."

आप्पा म्हणाले, "काकडीचं असेल."